अकरावी तपासणी

सहीचा कागद माझ्यासमोर होता, पेन मुजावरदादाच्या खिशातलं होतं आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मॅडम माझं पाकीट फोडणार होत्या.

“कर की सही,” दादा म्हणाला. “का मुहूर्त काढायचाय?”

“वाचू तरी दे.”

“तूच लिवलंयस आन् तूच वाचतीस? दे हिकडं, मीच करतो तुझी सही.”

मी हसले. गेले दोन दिवस मला उठताबसता हसू येत होतं आणि त्याचं कारण माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर आमची प्रयोगशाळा होती आणि डॉ. हर्डीकर मॅडम आमच्या मार्गदर्शक. मी तासगावची हेमलता ठोंबरे, पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाला. दस्तगीर मुजावर मिरजेचा, माझ्या पुढचा, त्याचा प्रबंध जवळजवळ बांधायला टाकलेला. बाकी सगळे शुद्ध बोलायचे, आम्ही दोघं मात्र कोपरा धरून गावाकडचं बोलायचो. पहिल्याच आठवड्यात त्याने मला मेसच्या डाळीपासून सावध केलं होतं. तेव्हापासून तो माझा दादा.

आमचं काम म्हणजे एकेक इलेक्ट्रॉन मोजणं. नखाहून लहान चिप घ्यायची. द्रव हेलियमच्या यंत्रात ती इतकी गार करायची की तिच्यातली सगळी चुळबुळ थांबावी. मग विजेच्या दाबाने तिच्यात एक इवलीशी खोली तयार करायची, एका वेळी एकच इलेक्ट्रॉन मावेल एवढी. तिला क्वांटम डॉट म्हणतात. खोलीला भिंत असते, आणि ती ओलांडायची ताकद इलेक्ट्रॉनच्या अंगात नसते. तरीही थोड्या वेळाने पाहावं तर तो पलीकडे गेलेला असतो. भिंतीवरून नव्हे, भिंतीतून. यालाच टनेलिंग म्हणायचं. खोली भरली की आमच्या पडद्यावरची रेघ खाली यायची, रिकामी झाली की वर जायची. दिवसभर ती खालीवर होत राहायची आणि इलेक्ट्रॉन सरासरी किती वेळ घरात टिकतो, ते आम्ही काढायचं. मिलिसेकंदांतला एक आकडा. त्यासाठी माणसं तीन-तीन वर्षं जेवणखाण विसरतात, हे मी घरी कधीच कुणाला पटवून देऊ शकले नाही.

दादाने तो आकडा काढला होता, तीन पूर्णांक एक. बेल्जियममधल्या एका गटाने याच बनावटीच्या चिपचं गणित कागदावर करून ‘तीनच्या आसपास’ असं भाकीत केलं होतं. दादाचा आकडा ऐकून ते लोक इतके खूश झाले की त्यांनी त्याला दोन वर्षांची नेमणूक देऊ केली. अट एकच, लेख छापायला गेला पाहिजे. आणि आमच्याकडचा नियम असा की त्याच चिपवर, ती गार असतानाच, दुसऱ्या कुणीतरी सगळं पहिल्यापासून मोजून तोच आकडा आणल्याशिवाय लेख दाराबाहेर पडत नाही. ती दुसरी मी. यंत्र एकदा गरम झालं की ती खोली मोडते. पुन्हा गार केलं तर दुसरीच तयार होते. हेलियम रविवारपर्यंत पुरणार होतं. दादाने बायकोचा आणि लेकीचा पासपोर्ट काढून ठेवला होता. लेकीला लोकरीची टोपी घेतली होती, आणि ती पोरगी मिरजेच्या उन्हात टोपी घालून फिरते म्हणून शबानाभाभी फोनवर कुरकुरायच्या.

आता पाकिटाचं. ही मॅडमची पद्धत. आमच्या मोजणीयंत्राच्या घड्याळाला त्या एक गुप्त गुणक लावायच्या. त्यामुळे आम्हाला दिसणारे मिलिसेकंद खरे नसायचे, थोडे ताणलेले किंवा थोडे आखडलेले असायचे. किती, ते एका चिठ्ठीवर लिहून, पाकीट चिकटवून मॅडम कपाटात ठेवायच्या. आपण मोजायचं, भिंतीवर लावलेल्या अकरा तपासण्या एकेक करून उरकायच्या, ‘माझं काम पूर्ण झालं, आता आकडा बदलणार नाही’ अशी सही करायची. मग शुक्रवारच्या चहाला सगळ्यांसमोर पाकीट फोडायचं, भागाकार करायचा आणि खरा आकडा कळायचा. प्रत्येक मोजणीला नवं पाकीट. मला हा सगळा मॅडमचा सोवळेपणा वाटायचा. माझे वडील तासगावात वजनकाटे दुरुस्त करायचे. काटा कसा मारतात आणि मारलेला काटा कसा ओळखतात, हे मला चौथीत असल्यापासून ठाऊक होतं. मला कोण फसवणार? मी स्वतःला तर नाहीच नाही.

माझा ताणलेला आकडा आला होता तीन पूर्णांक सहा. खरा किती, हे मला कळायचं काही कारण नव्हतं. पण मला कळलं होतं.

झालं असं की मंगळवारी सकाळी मी नोंदींमधला विजेचा गोंगाट शोधत होते. आपल्याकडची घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते, आणि तारेचा एखादा जोड ढिला असला की तिची गुणगुण मोजणीत शिरते. नोंदींच्या आलेखात पन्नासपाशी एक टोकदार उंचवटा दिसतो. तो काढून टाकायचा, एवढंच काम. मी पन्नासपाशी पाहिलं, तिथे काही नाही. म्हटलं, बरं झालं. आणि मग त्रेचाळीसपाशी बघते तो हा उंचवटा, सुईसारखा.

त्रेचाळीसला आमच्या प्रयोगशाळेत काहीच वाजत नव्हतं. मी पंप आठवले, पंखे आठवले. आणि एकदम डोक्यात उजेड पडला. वीज पन्नासच होती. घड्याळ ताणलेलं होतं म्हणून ती त्रेचाळीस दिसत होती. मॅडमनी घड्याळ लपवलं, पण वीजमंडळाचं काय करणार!

इथपर्यंत मी निर्दोष आहे. उंचवटा मी शोधायला गेले नव्हते, तो समोर आला. पण त्याच क्षणी उठून मॅडमकडे जायचं सोडून मी पेन्सिल उचलली. पन्नास भागिले त्रेचाळीस, एक पूर्णांक सोळा. तीन पूर्णांक सहा भागिले एक पूर्णांक सोळा.

तीन पूर्णांक एक.

दादाचाच आकडा. मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतल्या खुर्चीत गिरकी घेतली. लेख जाणार, दादा जाणार, शबानाभाभी बर्फ बघणार! मी कागद चुरगळून टाकला आणि कुणाला काही बोलले नाही. शुक्रवारी सगळ्यांबरोबर चकित व्हायचं, असं ठरवून टाकलं.

आणि म्हणून गुरुवारी दुपारी सहीच्या कागदावर दहा तपासण्यांपुढे बरोबरच्या खुणा होत्या आणि अकरावीपुढे काही नव्हतं. अकरावी म्हणजे अॅम्प्लिफायरच्या फिल्टरचं बटण एक घर पुढे फिरवून सगळं पुन्हा मोजणे. फिल्टर गोंगाट गाळतो, पण त्यासोबत अगदी क्षणभराच्या फेऱ्याही गिळतो. एखादा इलेक्ट्रॉन आला आणि लगेच निघून गेला तर तो दिसतच नाही. आपल्याला वाटतं खोली मघापासून रिकामीच आहे, आणि सरासरी खऱ्याहून मोठी निघते. अशा किती फेऱ्या निसटल्या, ते बटण फिरवल्याशिवाय कळत नाही. काम किचकट, दोन दिवसांचं.

“ही राहिली की गं,” दादाने कागदावर बोट ठेवलं.

“गरज नाही तिची.”

तो जरा थांबला. मला वाटलं, आता म्हणेल की करून टाक. पण त्याने पेन माझ्या हातात दिलं.

“बरं,” तो म्हणाला. “कर सही.”

अकरावीपुढे मी लिहिलं, ‘आवश्यकता वाटली नाही’. आणि झोकात सही ठोकली.

शुक्रवारी चारला आम्ही सगळे मोठ्या टेबलाभोवती जमलो. आम्ही दोघं धरून सात विद्यार्थी आणि मॅडम. दादाने स्वतःच्या खर्चाने बाकरवडी आणली होती, हे सगळ्यांच्या लक्षात आलं आणि त्यावरून त्याला यथेच्छ चिडवून झालं. मॅडमनी पाकीट टेबलावर ठेवलं, चष्मा लावला आणि पाकीट तसंच ठेवून आधी माझा कागद वाचायला घेतला. त्या नेहमी कागद वाचायच्या, पण नुसती नजर फिरवून. त्या दिवशी त्यांचं बोट खालच्या ओळीवर थांबलं.

“अकरावी नाही केलीस?”

“आवश्यकता वाटली नाही, मॅडम.”

“कशावरून?”

साधा प्रश्न होता. आवाज चढलेला नव्हता, भुवईसुद्धा वर गेली नव्हती. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे उत्तर नाही. म्हणजे, देता येण्यासारखं नाही. फिल्टर चांगला आहे म्हणावं, तर तो तपासलेला नव्हता. वेळ नव्हता म्हणावं, तर हेलियम रविवारपर्यंत होतं. अकरावीची गरज मला का वाटली नव्हती? कारण उत्तर बरोबर आलं होतं. आणि उत्तर बरोबर आलंय हे मला कळायचं कारणच नव्हतं.

माझे कान तापले. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती गुणक कळल्याची नव्हती. कळल्यावर मी काम थांबवलं आणि थांबवलंय हे मला तीन दिवस जाणवलंही नाही, याची होती. मारलेला काटा ओळखणारी मी!

“हेमलता, कशावरून?”

“मला पाकिटातला आकडा माहीत आहे,” मी म्हणाले.

बाकरवडीचा कुरकुराट एकदम थांबला.

“कपाट उघडलंस?”

“नाही, मॅडम. विजेची गुणगुण पन्नासला दिसायच्या जागी त्रेचाळीसला दिसली. मी भागाकार केला. एक पूर्णांक सोळा.”

मॅडमनी पाकीट फाडलं, चिठ्ठी उलगडली आणि वाचली. मग चिठ्ठी टेबलावर ठेवली. एक पूर्णांक सोळा.

कुणीतरी हळूच शीळ घातली. आणि मॅडम हसल्या. मी त्यांना इतकं मोकळं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

“बारा वर्षं!” त्या म्हणाल्या. “बारा वर्षं मी कपाटाला कुलूप लावतेय. आणि भिंतीतला प्लग सगळ्यांना सांगत सुटलाय!”

सगळे हसायला लागले. मीही हसले, थोडी रडत. मला वाटलं, सुटले. सोमवारी सगळ्यांना सांगता येईल अशी मजेशीर गोष्ट झाली.

दादा हसत नव्हता.

“मॅडम,” तो म्हणाला, “माझा कागद काढा ना जरा. मागच्या महिन्यातला.”

“तुझा कशाला?”

“माझ्या कागदावरबी अकरावी कोरी आहे.” मॅडमसमोर तो नेहमी नीट शहरी बोलायचा. त्या दिवशी ते सुटलं. “मी म्हणलो होतो तुम्हाला, वेळ पुरला नाही. वेळ होता.”

हसणं एकेक करत विझलं.

“मलाबी दिसली होती ती गुणगुण. माझ्या वेळेला सत्तावन्नला होती. मी सुद्धा भागाकार केला. तीन पूर्णांक एक आला, बेल्जियमवाल्यांच्या तीनला चिकटून. मग वाटलं, आता कशाला बटण फिरवायचं. बरोबर तर आहे.” त्याने माझ्याकडे पाहिलं. “काल हिने सही केली तेव्हा मला कळलं, हिलाबी दिसलंय. तरी मी पेन दिलं.”

मी त्याला आकडा सांगितला नव्हता. पण अकरावी गाळण्याइतकी खात्री कुठून येते, हे त्या खोलीत त्याच्याइतकं कुणाला कळणार होतं? दोघांनी मोजलं, दोघांचं जुळलं. जुळणारच. दोघांनी एकाच जागी थांबायचं ठरवलं होतं. निसटत्या फेऱ्या दोघांच्याही मोजणीतून सारख्याच निसटल्या असतील, तर दोघांचाही आकडा सारखाच चुकला असणार.

मॅडमनी चष्मा काढला. मला भीती वाटली की त्या आता दादाला काहीतरी असं बोलतील की ते आयुष्यभर पुसलं जाणार नाही.

“तुझा कागद मी वाचला होता, दस्तगीर,” त्या म्हणाल्या. “वेळ पुरला नाही, हे मला पटलं नव्हतं. तरी मी चालवून घेतलं. मलाही तो तीन फार आवडला होता.”

मग त्या उठल्या. “रविवारपर्यंत हेलियम आहे. नवा गुणक मी आत्ता घालते, आणि या वेळी गुणगुण गाळूनच नोंदी तुमच्या हातात पडतील. दोघं बसा. अकरावी करा.”

चहा तसाच गार होत राहिला आणि सगळे पांगले. मी यंत्राकडे जायला निघाले, तर दादा उलट दिशेला, कोपऱ्यातल्या संगणकाकडे गेला. खुर्ची ओढली आणि दोन बोटांनी टाइप करायला लागला. मी मागे जाऊन उभी राहिले.

“इंग्रजी बघ गं जरा,” तो म्हणाला. “स्पेलिंगचा घोळ नको.”

पत्र बेल्जियमला होतं, आणि त्यात त्याने लिहिलं होतं: माझ्या मोजणीतली एक तपासणी मी जाणूनबुजून केलेली नव्हती. माझ्या सहकारी ठोंबरे यांच्यामुळे हे उघड झालं. माझा आकडा चुकीचा असण्याची शक्यता आहे. तो आधार धरून मला दिलेल्या नेमणुकीचा तुम्ही पुन्हा विचार करावा, ही विनंती. एवढंच. मी दुसऱ्यांदा वाचलं. स्पेलिंग सगळं बरोबर होतं.

“दादा, वेडा आहेस का? रविवारपर्यंत थांब. कदाचित तीनच येईल!”

“येईल की.”

“मग? तीन आला तर हे पत्र कशाला पाठवायचं? उगाच पायावर धोंडा.”

“तीन आला तर न्हाईच पाठवणार मी,” दादा म्हणाला. “खरं अडीच आला तर?”

“मग पाठव.”

“पाठवीन?”

मी पुन्हा पडद्यावरच्या पत्राकडे पाहिलं.

“शबानानं शेजारपाजारी सांगून ठेवलंय. पोरगी टोपी काढंना झालीय. अडीच आला तर मी काय करीन, मला खरंच ठावं न्हाई, हेमा. एकदा बघितलंय की मी काय करतो ते.” त्याने पडद्याकडे हनुवटी केली. “म्हणून आत्ताच. आकडा कळायच्या आधी.”

पुढचं सांगून टाकते, म्हणजे कुणाला घोर नको. आकडा अडीचच निघाला. लेख आम्ही दोघांच्या नावाने पाठवला, त्यात दादाचा जुना आकडा आणि तो का चुकला, हे त्याने स्वतःच्या शब्दांत लिहिलं. बेल्जियमच्या लोकांना त्यांचं गणित दुरुस्त करावं लागलं. त्यांनी दादाला दोन महिने लोंबकळत ठेवलं आणि मग बोलावून घेतलं. आज माझी स्वतःची प्रयोगशाळा आहे, माझ्याही कपाटात पाकिटं आहेत. दरवर्षी कुणीतरी नवीन पोर मला विचारतं की मॅडम, आमच्यावर विश्वास नाही का. तेव्हा मला ती शुक्रवारची संध्याकाळ आठवते. कारण त्या संध्याकाळी, पाच वाजून काही मिनिटांनी, यातलं काहीही आम्हाला माहीत नव्हतं. अडीच माहीत नव्हता आणि बेल्जियमचं उत्तरही माहीत नव्हतं. त्याच्या कपाळावर घाम होता आणि हात अगदी स्थिर होता. आयुष्यात मला इतका अभिमान दुसऱ्या कुणाचा वाटलेला नाही, स्वतःचा तर नाहीच.

“गेलं,” दादा म्हणाला आणि खुर्ची मागे सारून उठला. “चल आता. फिरव बटण.”